गाडी पासिंगला लावली आहे

कोल्हापुरात कुणी "पास झाली का?" असं विचारलं, तर आधी दहावीतली मुलगी आठवायची. घरात दहावीतली मुलगी नसेल, तर गाडी. मुलीबद्दल विचारताना माणसाच्या आवाजात थोडी काळजी असते. गाडीबद्दल विचारताना मात्र ती नापास झाली असावी अशी एक गोड आशा असते, कारण पास झालेल्या गाडीवर सल्ला देता येत नाही. आणि सल्ला पोटात राहिला की कोल्हापूरकराला तांबडा रस्सासुद्धा पचत नाही.

आमची गाडी २०१० सालची. कंपनीचं नाव सांगत नाही. कंपनीनं ही गाडी कधीच बंद केली, आम्ही केली नाही, एवढंच तिच्याबद्दल अभिमानानं सांगण्यासारखं आहे. रिक्षा, टेम्पो, ट्रक यांना पासिंग नवीन नसतं. वाहन आठ वर्षांचं होईपर्यंत दोन वर्षांतून एकदा आणि त्यानंतर दरवर्षी त्यांना तपासणीला उभं राहावं लागतं. घरगुती मोटारीला मात्र १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं पंधरा वर्षांची मोकळीक दिली आहे. ती संपली की फॉर्म २५ भरायचा, गाडी मोटार वाहन निरीक्षकांना दाखवायची आणि नोंदणी पुढं पाच वर्षांनी वाढवून घ्यायची. पंधरा वर्षं कुणीच काही विचारलेलं नसतं, त्यामुळं गाडी आणि मालक दोघंही सैल पडलेले असतात. त्यात आमच्या गाडीची तब्येत माझ्यापेक्षा बरी. तिचं पोट तरी पुढं आलेलं नाही.

आता पासिंगला वेळ किती लागतो, एवढंच मला जाणून घ्यायचं होतं. म्हणजे त्या हिशेबानं रजा टाकता आली असती. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्या मामांना विचारलं. ते म्हणाले, "धा मिनटं." ऑफिसातला सहकारी म्हणाला, "दिवस जातोय. घरनं डबा घेऊन जा." मेस्त्री म्हणाला, "आधी गाडी तर बघूया." इंग्लंडमध्ये असणारा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, आमच्याकडं तासाभरात होतं. तोवर मी कॉफी पितो." आणि या चौघांतलं कुणीही खोटं बोलत नव्हतं, हे मला पुढं कळलं.

भाच्याकडं या तपासणीला 'एमओटी' म्हणतात. १९६० साली तिथल्या परिवहन मंत्रालयानं ती सुरू केली, तेव्हा ती दहा वर्षांवरच्या गाड्यांना होती. आता गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी. त्या नावाचं मंत्रालय पुढं राहिलं नाही, तपासणीचं नाव मात्र तेच राहिलं. त्यांच्याकडं गाडी पास करताना सोबत एक सल्ल्यांची यादी देतात. म्हणजे आज चालेल, पण टायर झिजत आलाय, लक्ष ठेवा, अशा थाटाची. आमच्याकडं हीच यादी तपासणीच्या आधी, तोंडी, आणि न मागता मिळते. आणखी एक गंमत भाच्यानं सांगितली. तिकडं गाडी चाळीस वर्षांची झाली आणि तिच्यात फारशी तोडफोड केलेली नसली, की तपासणीच माफ होते. मला त्या गाड्यांचा हेवा वाटला. चाळिशी ओलांडल्यापासून माझ्या मात्र शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल अशा तपासण्या सुरू झाल्या आहेत, आणि त्यात माफी कुठलीच नाही.

आमच्याकडं गणित उलटं आहे. गाडी जितकी म्हातारी, तितकी फी जास्त. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाला आधी ६०० रुपये पडत, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० पडू लागले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी तेच १०,००० केले. वर पर्यावरण कर वेगळा. गाडीची किंमत खाली येते आहे, फी वर जाते आहे. एक दिवस या दोघींची जिन्यात गाठ पडणार, आणि त्या दिवशी गाडी विकून पासिंग करून घ्यावं लागणार.

अर्ज ऑनलाइन असतो. त्यामुळं पहिली अडचण घरबसल्या आली. ओटीपी ज्या मोबाइलवर जातो, तो नंबर निघाला मेव्हण्याचा. गाडी घेताना तो बरोबर होता, आणि त्या काळात घरात चालू असलेला मोबाइल त्याचाच होता. मेव्हणा असतो गडहिंग्लजकडं, उसात. फोन लावला.

"तुझ्या मोबाइलवर आत्ता एक मेसेज येईल बघ."

"आला हुता की दाजी. डिलीट केला."

"का?"

"फ्रॉड असत्यात म्हटलं."

त्याला पुन्हा सगळं समजावलं. पुन्हा बटण दाबलं. पुन्हा मेसेज गेला.

"हां, आला. सहा आकडी हाय."

"सांग."

"पण दाजी, ह्यात लिहिलंय, कुणालाबी सांगू नका."

"अरे, मी कोण आहे?"

"तुम्ही हायसा खरं. पण आवाज बदलून बोलणारीबी असत्यात." मग त्यानं खात्रीसाठी माझ्या लग्नात पंगतीला काय होतं ते विचारलं. मी चुकीचं उत्तर दिलं. फोन बायकोकडं गेला. दोघा भावंडांनी आधी पावसाची, मग ऊसतोडीची, मग मामीच्या गुडघ्याची चौकशी केली. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली.

अखेर तपासणीची तारीख मिळाली. ती आईला दाखवली. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरात तोंड घातलं आणि म्हणाली, "अमावस्या आहे. तिथं कुणाला कॅलेंडर दिसत नाही काय?" मी सांगितलं, ते संगणक ठरवतो. "मग संगणकाला लिंबू-मिरची बांधा," असं म्हणून तिनं ती गाडीलाच बांधली. शेजारचे काका त्या लिंबू-मिरचीमुळं हेडलाइट झाकला जातोय, असं म्हणाले. इथून काका या लेखात शिरतात ते बाहेर पडत नाहीत. ते एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाले आहेत. सरकारनं त्यांना फक्त पगारातून निवृत्त केलं.

काकांची तपासणी टायरला लाथ मारण्यापासून सुरू होते. लाथ मारायची, कान लावायचा आणि मान हलवायची.

"टायर गेला."

"काका, आत्ताच घातलाय."

"मग फसवलं तुला."

त्यांनी मारलेली लाथ बघून दूधवाल्यानंही एक मारली. त्यानंतर गल्लीतून जाणारा प्रत्येक जण जाता जाता गाडीला लाथ मारून मत देऊ लागला. सरकारी तपासणीत बघणारा माणूस एक असतो. आमच्या गाडीला गल्लीभर निरीक्षक होते आणि एकाचंही दुसऱ्याशी पटत नव्हतं. एक म्हणाला, गाडी डावीकडं ओढते. दुसरा म्हणाला, रस्ताच डावीकडं उतरता आहे. तिसरा आरसी बुक हातात घेऊन म्हणाला, "हितं रंग पांढरा लिहिलाय. ही पांढरी हाय?" त्यावर सगळे दोन पावलं मागं गेले. बदामी, मोतिया, साबुदाणी असे शेरे आले. शेवटी काकांनी छतावर थुंकी लावून बोट घासलं. खाली खरोखरच पांढरा रंग निघाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला बादली घ्यावी लागली.

धुण्याचं काम बायकोनं आतून सुरू केलं. सीटखालून पंधरा वर्षांचा संसार बाहेर आला. एका जोडप्याची लग्नपत्रिका निघाली, त्यांना आता दोन मुलं आहेत. एक कोल्हापुरी चप्पल निघाली, डावी. पन्हाळ्यावर हरवलेली आणि जिच्यावरून चार महिने अबोला झाला होता ती छत्री निघाली. आणि सगळीकडून निघाला गुलाल. चैत्र यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर एकदा काचा उघड्या ठेवून गाडी लावली होती. तो गुलाल पायपुसण्यात, सीटच्या शिवणीत आणि बायकोच्या मते माझ्या डोक्यात कायमचा बसला आहे. दिसत होता तेवढा तिनं काढला.

नंबरप्लेटचं वेगळंच. १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदलेल्या राज्यातल्या सगळ्या वाहनांना ती नवी उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली आणि २०२५ भर तिला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत राहिली. सगळ्यांनीच शेवटच्या तारखेची वाट बघितली आणि शेवटची तारीख सगळ्यांची वाट बघून पुढं गेली. मला त्या पाटीचं दुःख नव्हतं, आमच्या नंबरातून तसाही काही अर्थ निघत नाही. पण आमच्या गल्लीत ४१४१ नंबरची एक जीप आहे. त्या आकड्यांची वळणं जरा लांबवून तिच्या मालकानं वर्षानुवर्षं 'दादा' असं वाचायला लावलं. नवी पाटी लागली आणि चार आकडे सरळ उभे राहिले. त्या संध्याकाळी तो कट्ट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, "आता मला दादा कोण म्हणणार?" खरंच, त्यानंतर लोक त्याला नावानं हाक मारू लागले.

पीयूसीला फार वेळ लागला नाही. नळी धुराड्यात घातली, आकडा आला. प्रिंटर जागा व्हायला मात्र वेळ लागला.

सगळा वेळ गेला तो उद्यमनगरात. शिवाजी उद्यमनगरात ज्याचा स्वतःचा असा एक मेस्त्री नाही, तो माणूस कोल्हापुरात भाड्यानं राहतो असं समजावं. या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा हातानं तयार केला, १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला, आणि तेव्हापासून बाजारात मिळणारी वस्तू विकत आणणं इथल्या कारागिराला कमीपणाचं वाटतं. आमचा वायपर वर जायचा, तिथं थांबायचा आणि उरलेला पाऊस बघत बसायचा.

"बुश गेलाय," मेस्त्री म्हणाला.

"मग नवीन मोटर टाकू या. मिळते की बाजारात."

मेस्त्रीनं हात पुसले. माझ्याकडं बराच वेळ बघितलं. "मिळती की. पर मग आम्ही हितं कशाला बसलोय?"

गनमेटलचा बुश लेथवर करून घ्यायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी गेलो तर लेथवाला पैपाहुण्यांच्या जावळाला गेला होता. नंतर गेलो तर लेथवाला होता, लाइट नव्हती. मग लाइट आली, मापाचा गनमेटल नव्हता. मग सगळंच जुळून आलं आणि बुश झाला, पण मेस्त्रीनं तो दोन बोटांत धरून उजेडाकडं फिरवला आणि म्हणाला, "मनासारखा न्हाई." मी म्हटलं, "चालेल की." तो दुखावला. "सर, चालंल तर काय बी. पर उद्या कुणी उघडून बघितलं तर माझं नाव जाईल." वायपरचा बुश उघडून बघणारा माणूस जन्माला यायचा होता. पण मेस्त्रीला त्याची वाट बघायची होती.

हॉर्नचं त्यानं लवकर आवरलं. आमचा हॉर्न स्टिअरिंग डावीकडं वळवलं तरच वाजतो. मेस्त्रीनं थोडा वेळ वायरी ओढून बघितल्या आणि म्हणाला, "सायबांनी हॉर्न मागितला की डावीकडं वळवून मारा. सवय हाय म्हणायचं."

जाण्याआधी चेसिस नंबरची पेन्सिल-छाप घ्यायची होती. बॉनेट उघडून पत्रा घासला, कागद चिकटवला, मेस्त्रीच्या पोऱ्यानं पेन्सिल आडवी फिरवली आणि एकेक आकडा उमटत गेला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा मी गाडीचं खरं नाव वाचलं. फार लांबलचक आहे. तिला आम्ही आपलं 'गाडी' म्हणत आलो.

तपासणीच्या दिवशी मला अकराची वेळ दिली होती. म्हणून मी आठला पोचलो. मला वाटलं मी हुशार. पण ज्यांना बाराची वेळ होती, ते साडेसातला आलेले होते. कागदावर वेळ लिहिलेली असते ती परगावच्या माणसांसाठी, आपण लवकर जाऊन 'नंबर लावायचा', ही समजूत इतकी पक्की आहे की रांग लागण्याचं दुसरं काहीच कारण त्या दिवशी नव्हतं. गाड्या दाटीवाटीनं उभ्या आणि मालक दाटीवाटीनं चहाच्या टपरीवर.

माझ्या पुढं आमचेच रिक्षावाले मामा होते. कोल्हापुरात रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरतात, हे ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी मामांची रिक्षा बघावी. आत झुंबर, बाहेर स्टीलचं नक्षीकाम, आरशांना गोंडे. माझी गाडी तिच्या शेजारी लावायला मलाच संकोच वाटला. व्यावसायिक वाहनांच्या ब्रेकची परीक्षा घेण्यासाठी उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यात २५० मीटरचे ट्रॅक झाले. मामा इथल्या ट्रॅककडं बघून म्हणाले, "ब्रेक माझं एक नंबर हायत. फक्त ते मारल्यावर झुंबर हलतंय." पासिंगला उशीर झाला की दिवसाला पन्नास रुपये, या शुल्काविरुद्ध २०२४ मध्ये रिक्षावाल्यांनी जो आवाज उठवला, त्यात मामांचा आवाज मोठा होता. शासनाला ती वसुली थांबवावी लागली. तेव्हापासून मामा पासिंगला मुदतीच्या आधी येतात. का, असं विचारलं तर म्हणाले, "आता कोण जबरदस्ती करंना, मग आपणच जावं."

"मिसळ खाऊन या जावा," मामा मला म्हणाले. "लाइन कुठं पळत न्हाई."

मी कट मागून घेतला, पुन्हा मागून घेतला, पाव संपला म्हणून दुसरा घेतला आणि घाम पुसत परत आलो, तर रांग पुढं गेलेली आणि माझी गाडीसुद्धा तिच्या जागेवर व्यवस्थित पुढं गेलेली. गाडीची चावी माझ्या खिशात होती.

"मीच घेतली पुढं," मामा म्हणाले.

"पण चावी?"

"माझी लागली की. तुमच्या गाडीला कुठलीबी लागती." आणि त्यांनी मला रिक्षाची चावी दाखवली. पंधरा वर्षं मी रोज रात्री गाडी बंद आहे ना म्हणून दोनदा खाली जाऊन बघून येत होतो.

मग साहेब आले. मी पाठ करून ठेवलेलं सगळं तयार ठेवलं होतं. चेसिस नंबर पडताळला. दिवे, इंडिकेटर, ब्रेक, आरसे बघितले. "हॉर्न," साहेब म्हणाले. मी स्टिअरिंग डावीकडं वळवून मारला. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "सवय आहे," मी म्हणालो. "उजवीकडं वळवून मारा," ते म्हणाले. माझ्या पोटात मिसळ ढवळली. मारला. वाजला. मेस्त्रीनं काय केलं होतं कोण जाणे, आता तो दोन्हीकडं वाजत होता आणि सरळ धरल्यावर बंद होता. साहेबांनी सरळ धरून मागितला नाही.

त्यांना आणखी काही दाखवावं या उत्साहात मी न सांगता ब्लोअर लावला. आतल्या नळ्यांत पंधरा वर्षं दडून बसलेला चैत्र बाहेर आला. साहेबांची बाही, फॉर्म आणि पेन, सगळं गुलाबी झालं. मागची रांग शांत झाली. साहेबांनी बाही झटकली आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "चांगभलं."

मागून सगळी रांग ओरडली, "चांगभलं!"

मला वाटलं, झालं. तेवढ्यात साहेब गाडीच्या मागं गेले. "नंबरप्लेटचा दिवा लावा."

नंबरप्लेटला दिवा असतो? मी मामांकडं बघितलं. मामांनी आकाशाकडं बघितलं. टायरला लाथ मारणाऱ्या अख्ख्या गल्लीनं, एसटीत हयात घालवलेल्या काकांनी, मनासारखा बुश होईपर्यंत झोप न लागलेल्या मेस्त्रीनं, कुणी म्हणजे कुणीही त्या दिव्याचा उच्चार केला नव्हता. मी सगळी बटणं दाबली. वायपर फिरला, ब्लोअरनं आणखी थोडा गुलाल काढला, दिवा लागेना. तेव्हा मामा शांतपणे आले, त्यांनी बंपरवर वरून एक मूठ मारली, आणि दिवा लागला.

"लागतोय की," मामा म्हणाले.

"बल्ब घट्ट बसवून घ्या," साहेब म्हणाले, सही केली आणि पुढच्या गाडीकडं वळले. मामांनी सांगितलेली दहा मिनिटं पूर्ण झाली नव्हती. मला उगाचच अपमान झाल्यासारखं वाटलं. एवढ्या तयारीला माणसानं थोडा तरी जास्त वेळ द्यायला हवा होता.

"साहेब," मी मागं लागलो, "वायपरचा बुश बघायचा राहिला."

"वायपर चालतोय ना?"

"हो, पण बुश गनमेटलचा आहे."

मागच्या टेम्पोनं हॉर्न मारला. त्याचा सरळ वाजत होता.

संध्याकाळी पेढे घेऊन उद्यमनगरात गेलो. मेस्त्रीनं पेढा हातात धरला, तोंडात टाकला नाही.

"बुश बघितला?"

"नाही."

"बॉनेट तरी उघडलं?"

"उघडलं. चेसिस नंबर बघितला."

"नंबर काय, कोणबी वाचंल." तो बराच वेळ काही बोलला नाही. मग पेढा तोंडात टाकला आणि बसल्या जागेवरनं गाडीकडं वाकून बघत म्हणाला, "फुडच्या खेपंला मी येतो बरोबर. मी दाखवतो त्यास्नी."

"आता पाच वर्षांनी, मेस्त्री."

"मग येळ हाय की. तवर क्लच करायला घेऊया."